पुढचं सांगत नाही

संगमरवरी फरशीवर पाऊल वाजतं, गालिच्यावर वाजत नाही, आणि लोखंडी जाळीवर पडलं तर अख्खा वाडा जागा होतो. 'थीफ' या खेळातलं हे पहिलं ज्ञान. अमेरिकेतल्या केंब्रिज गावच्या लुकिंग ग्लास स्टुडिओजने 1998 च्या अखेरीला तो काढला, तेव्हा संगणकावरचे बरेच लोकप्रिय खेळ हातात बंदूक देऊन दिसेल त्याला उडवायला सांगत होते. 'थीफ'चा नायक गॅरेट नावाचा चोर. कमरेला तलवार आहे, पण दोन पहारेकरी समोर आले तर त्याचं काही खरं नाही. म्हणून अंधारात उभं राहायचं. पडद्याच्या खालच्या कडेला एक रत्न असतं. ते उजळलं की आपण दिसतोय, काळवंडलं की नाही. पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची, शेवाळाचा बाण मारून वाजणारी फरशी मऊ करायची आणि कान देऊन ऐकायचं.

मला हे माझ्या आतेभावानं शिकवलं, 2004 च्या मे महिन्यात, वर्ध्यात. वर्ध्याचा मे ज्यानं काढलाय त्याला वेगळं सांगायला नको. दुपारी पारा पंचेचाळीसला टेकलेला, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि घरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विमानासारखा घरघरतोय. दादा तो कूलर बंद करायचा. "पहारेकरी कोणत्या खोलीत आहे ते ऐकूच येऊन नाही राहिलं ना!" माजघरातून आजी ओरडायची, "कूलर कायले बंद केला रे?" आम्ही दोघं घामानं निथळत, एका हेडफोनचा एकेक कान वाटून घेऊन, त्या कुणा सरदाराच्या वाड्यातल्या जिन्यावरची पावलं मोजत बसायचो. लोडशेडिंगची वेळ झाली की यूपीएस टुकटुकायला लागायचा आणि दादा घाईघाईनं खेळ सेव्ह करायचा. मग खरोखरचा अंधार.

आजीनं एकदा खडसावून विचारलंच, हे दिवसभर काय चालतं म्हणून. सेवाग्राम सायकलच्या अंतरावर, एकादश व्रतं शाळेत पाठ करून घेतलेली, त्यातलं अस्तेय म्हणजे चोरी न करणं हे पोट्ट्यांनाही माहीत. अशा गावात बसून चोरीचा खेळ! दादा म्हणाला, "आजी, चोरी आहे, पण सगळ्यात अवघड पातळीवर खेळलं तर माणूस मारायला बंदी आहे. एक जरी मेला तरी हरलो." हे अगदी खरं आहे. खेळाच्या 'एक्सपर्ट' पातळीवर हत्या केली की मोहीम तिथंच बाद. आजीनं थोडा विचार केला. "मंग ठीक आहे," म्हणाली. अकरांपैकी एक व्रत मोडत असलं तरी दुसरं पाळलं जातंय, असा तिचा हिशेब असावा.

खेळ आम्ही संपवला, त्याचा 2000 साली आलेला दुसरा भागही संपवला. तो दुसरा भाग निघाल्यावर दोनच महिन्यांनी, मे 2000 मध्ये, लुकिंग ग्लास बंद पडली होती. म्हणजे आम्ही खेळायला लागलो तेव्हा खेळ बनवणारे केव्हाच पांगले होते. पण कंपनीनं जायच्या आधी एक गोष्ट करून ठेवली होती: ज्या साधनानं ते वाडे आणि तळघरं रचत, ते ड्रोमएड खेळणाऱ्यांच्या हवाली केलं होतं. आणि लोकांनी रचायला सुरुवात केली. कुणी एकच हवेली केली, कुणी अख्खं शहर. पैसे कुणी मागितले नाहीत. त्यांना फॅन मिशन म्हणतात, आणि आजवर ती हजाराच्या वर झाली आहेत. 'कॅलेंड्राज लेगसी' करणारे अँथनी ह्यूसो पुढे 'डिसऑनर्ड'सारख्या मोठ्या व्यावसायिक खेळावर काम करायला गेले, पण असे थोडे. बाकीचे दिवसा नोकरी करून रात्री खांब आणि खिडक्या बसवत राहिले.

दादाचं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. ब्रॉडबँड आला तसा त्यानं तो दुकानात घेतला. बीएसएनएलच्या त्या वेळच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ कितीही उतरवून घ्या, मोजत नसत. दादा दोनचा गजर लावून उठायचा, डाउनलोड लावायचा, परत झोपायचा. सकाळी बघावं तर कधी मिशन आलेलं असे, कधी साडेतीनला वीज गेल्यामुळे अर्धंच. वर्ध्यातले सज्जन लोक झोपलेले असताना एक माणूस चोऱ्या गोळा करत होता, असं तोच हसत हसत सांगायचा.

पण त्याचं खरं काम त्यापुढं सुरू व्हायचं. आलेलं प्रत्येक मिशन तो आधी स्वतः खेळायचा आणि मग ठरवायचा, हे कुणाला द्यायचं. गावात आम्ही खेळणारे पाच-सहाजण होतो: त्याच्या दुकानातला मुलगा, पॉलिटेक्निकचे दोघं, एक मेडिकल दुकानवाले काका, मी. प्रत्येकाला वेगळं. काकांना भुताटकीची मिशनं, कारण त्यांना दचकायला आवडायचं. पॉलिटेक्निकवाल्यांना छपरांवरून उड्या मारायची. मला, ज्यात वाचायला भरपूर असेल ती. या मिशनांत टेबलांवर चिठ्ठ्या, रोजनिशा, थकलेल्या पगाराच्या तक्रारी पडलेल्या असतात, आणि चोरी बाजूला ठेवून त्या वाचत बसणारी आमच्यात मीच. चालते-फिरते मुडदे मला सहन होत नसत, हेही त्याला माहीत होतं.

2005 च्या भाऊबीजेला त्यानं ओवाळणीत सीडी घातली. 'टीटूएक्स'. त्याच वर्षी आलेली, तेरा मिशनांची सलग कथा, कितीतरी चाहत्यांनी मिळून वर्षानुवर्षं खपून केलेली, आणि तिची नायिका बाई: झाया. आत्या चिडली, बहिणीला ओवाळणी म्हणून हे काय देतोस म्हणून. मी इतकी हरखले होते की दिवा ताटातच विझला.

सीडीच्या कागदी पाकिटावर तो स्केचपेननं एक ओळ लिहायचा. एकच. "पाऊस असेल त्या दिवशी खेळ." "घाई करू नको, दुसरा मजला लई मोठा आहे." "स्वयंपाकघरातली चिठ्ठी सोडू नको." चांगलं आहे, भारी आहे, पाचपैकी इतके तारे, असं कधीच नाही. आणि अडकले, विचारायला गेले, तर ठरलेलं उत्तर: "पुढचं सांगत नाही." मी रडकुंडीला यायची. एका मिशनमध्ये किल्ली सापडेना म्हणून मी चिडून दुकानात गेले, तर समोर मदरबोर्ड उघडा टाकून बसलेला. मान वर न करता म्हणाला, "तू त्या पोट्टीची रोजनिशी वाचली काय? परत वाच." किल्ली रोजनिशीत नव्हती. पण ती मोलकरीण दिवा लावायला रोज कुठं जाते ते होतं, आणि तिच्या मागं अंधारातून चालत गेलं की सगळंच उलगडत होतं. किल्लीची जागा सांगितली असती तर मला किल्ली मिळाली असती, बाकी काही नाही.

शिफारस करणं म्हणजे सांगणं असं आपण धरून चालतो. दादामुळे मला कळलं की त्यात न सांगण्याचाच भाग मोठा. समोरच्याच्या हाताला काय लागू द्यायचं, कुठं त्याला एकट्याला सोडायचं, आणि कुठं मात्र भीतीनं तो खेळच बंद करील म्हणून आधी सावध करायचं, हे ठरवायला तो माणूस पुरता ठाऊक असावा लागतो. आता प्रत्येक मिशनचं पहिल्यापासून शेवटपर्यंतचं खेळून दाखवलेलं चित्रण यूट्यूबवर मिळतं. मला त्याचा राग येतो. ते कुणासाठीच केलेलं नसतं.

2011 च्या जूनमध्ये बातमी आली की सेवाग्राम आश्रमातला गांधीजींचा चष्मा चोरीला गेला आहे, आणि तो काही महिन्यांपूर्वीच गेलेला. वर्धेकर हळहळले. दादाही हळहळला, पण त्याच्यातला जाणकार गप्प बसेना. आमच्या खेळात 'घोस्ट' नावाची एक रीत आहे: कुणाला पत्ता लागू न देता, कुणाला हात न लावता मोहीम पुरी करायची. कडक नियमानं खेळणारे उघडलेलं दारही परत लावून जातात. "घोस्ट केला ना त्यानं," दादा म्हणाला, आणि मग लगेच, "पण चष्मा कायले न्यायचा बाप्पा, त्यात त्याचं काय होणार?"

मी नोकरीला पुण्याला आले. त्यानंतरचा आमचा संबंध बहुतेक फोनवरचा. सप्टेंबर 2012 मध्ये त्याचा रात्री उशिरा फोन आला, मला वाटलं घरी काहीतरी झालं. झालं होतं ते फ्रान्सच्या एका साइटवर: 'ल कॉर्बो' असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी 'थीफ'च्या तेरा-चौदा वर्षं जुन्या इंजिनाची दुरुस्ती करून ठेवली होती. नव्या संगणकांवर धडपडणारा खेळ सुरळीत चालू लागला, मिशन रचणाऱ्यांना कितीतरी मोठी जागा मिळाली. तो माणूस कोण, आजही उघड झालेलं नाही. दुरुस्तीवरच पोट असलेल्या दादाला याचं फार अप्रूप. "नाव नाही, बिल नाही. करून ठेवून गेला ना चुपचाप!"

दादाही एक मिशन रचत होता, हे मला उशिरा कळलं. ड्रोमएडमध्ये सुरुवातीला सगळं जग भरीव असतं. भिंती उभारायच्या नसतात. भरीव दगडातून पोकळी कोरत जायची, विहीर खणल्यासारखी. दादा कोरत होता जिनिंग. कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसाला आणखी काय सुचणार! रुईच्या गाठी रचलेलं गोदाम, सरकीचा ढीग, वजनकाट्याची खोली, मुनीमजींच्या गादीखाली हिशेबाची दुसरी वही. कापसावर पाऊल वाजत नाही आणि यंत्रांच्या लोखंडी माळ्यावर भयंकर वाजतं. एवढ्या एका कल्पनेवर तो खूश होता. मी म्हटलं, पाठव. म्हणाला, होऊ दे.

2022 च्या उन्हाळ्यात तो गेला. हृदय. दुकानातच, दुपारी. चव्वेचाळीस वर्षांचा होता. मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं, आणि त्याविषयी मला इथं आणखी लिहायचं नाही.

वहिनींनी नंतर त्याचा संगणक माझ्याकडं दिला. जिनिंग त्यात होती. गोदाम, काटा, गादी, सगळं जागेवर. चौकीदारही उभा होता. पण खेळायला घेतलं तर त्याचा आवाज काही येईना. ड्रोमएडमध्ये भिंती झाल्यावर 'रूम ब्रश' टाकावे लागतात. आवाज कोणत्या खोलीतून कोणत्या दारानं कुठं जाईल ते त्यांवरून ठरतं. ते काम रटाळ, म्हणून सगळे शेवटी ठेवतात. त्यानंही ठेवलं होतं. आता मी ते शिकतेय, हळूहळू. काही खोल्यांचं झालंय. वजनकाट्याच्या खोलीचं दार तीन वेळा चुकलं. मुनीमजींच्या त्या दुसऱ्या वहीत त्यानं काय लिहायचं योजलं होतं हे मात्र कुठंच नाही. वही उघडली की कोरी. ती मी लिहावी की नाही, याचा निर्णय होत नाहीये.

1 डिसेंबर 2023 च्या सुमारास, 'थीफ'ला पंचवीस वर्षं झाली म्हणून, 'द ब्लॅक परेड' आलं. चाहत्यांनीच सुमारे सात वर्षं खपून केलेली दहा मिशनं, मूळ पहिल्या खेळाच्या अंगानं. मी खेळायला बसले आणि पहिल्याच रात्री थक्क झाले. शहर इतकं उंच, इतकं गुंतागुंतीचं, की एका खिडकीतून शिरून भलत्याच गल्लीत निघायचं. जे जे सापडत गेलं त्याच्याबद्दल मनात आपोआप निवड होत गेली: हे दादाला सांगायचं, हे अजिबात नाही. या छपरापर्यंत त्याला त्याचं त्याला येऊ दे. इथं फक्त म्हणायचं, घाई करू नको. मुडद्यांचं सांगायची गरज नाही, तो त्यांना भीत नाही. पाकिटावर लिहायची ओळसुद्धा तयार झाली. ती मी इथं लिहीत नाही. तुमच्यापैकी कुणी खेळायला घेईल, आणि ती तुमच्यासाठी नाही.

त्याच्याबरोबरच्या गोष्टी मी लोकांना सांगते, त्यात अडचण नाही. ऐकणारे मिळतात. पण ज्याच्यापासून एखादी गोष्ट प्रेमानं लपवून ठेवावी असा माणूस पुन्हा जमवायला किती वर्षं लागतील, आणि तो आधी मला ओळखेल की मी त्याला, कोण जाणे. मेडिकलवाल्या काकांना मी एकदा फोन केला. म्हणाले, आता डोळ्यांना इतका अंधार सोसत नाही.

गेल्या दिवाळीत वर्ध्याला गेले. गोरसपाकाचे दोन डबे, आत्याची पायदुखी, वहिनींचं नवं शिवणकाम, सगळं झालं. भाची आता आठवीत. तिला कोणतं मिशन द्यायचं यावर मी पुण्यापासून विचार करत आले होते. भुतं नकोत, फार मोठं नको, छपरं असावीत, एखादी मजेशीर रोजनिशी असावी. निवडलं, लावून दिलं, आणि खुर्ची मागं ओढून गप्प बसले. पोट्टीनं पहिल्या पाच मिनिटांत दंडुका काढला, वाड्यातले सगळे पहारेकरी एकेक करून आडवे केले आणि उचलून उचलून कोठीघरात रचले. मशाली सगळ्या जळत्याच. चिठ्ठी एक वाचली नाही. "झालं, आता निवांत," म्हणाली आणि उजेडात, लोखंडी जाळीवरून खणखण चालत सुटली. दादाला हे बघवलं नसतं. मग कंटाळली, खेळ बंद केला आणि आपल्या मोबाइलवर दुसराच एक खेळ उघडून माझ्या हातात दिला.

"आत्या, तू हा खेळ. तुला आवडेल, यात खूप वाचायचं असतं." आणि मी पहिल्या पडद्यावर बोट ठेवण्याच्या आत तिनं मला त्याची सगळी कथा, दोन्ही रहस्यं आणि शेवट घडाघडा सांगून टाकला. "मधे एक कुत्रा येतो," म्हणाली. "तो मेला असं वाटते, पण मरत नाही. आधीच सांगून ठेवते, नाहीतर तू बंद करशील."

मी खेळायला घेतला आहे. कुत्रा अजून आलेला नाही.