चौथे नाव

आपल्या मंडळाच्या ग्रंथालयाची सूची संगणकावर चढविण्याचे काम गेल्या उन्हाळ्यात निघाले, आणि निवृत्त माणसास वेळच वेळ असतो या समजुतीने ते आमच्याकडे आले. साथीला अभियांत्रिकी शिकणारा एक तरुण कार्यकर्ता होता. त्याने मोठ्या हौसेने तक्ता आखला : दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव आणि पुढे लेखकांसाठी तीन रकाने. पहिली दोन कपाटे सुरळीत पार पडली. मग ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड हाती आले. संपादक चार : दाते, कर्वे, चांदोरकर आणि दातार. तरुणाने तीन नावे भरली, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “काका, चौथं नाव सोडून देऊ या. कोण शोधणार आहे?”

त्याचा दोष नव्हता. पण हे वाक्य आम्ही पूर्वी एकदा ऐकले होते, आणि त्या वेळी मान डोलावली होती.

ग्वाल्हेरच्या वाचकांस खसरा आणि खतौनी सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच, की महाराष्ट्रात जे सातबारा आणि आठ-अ, तेच साधारणपणे आमच्याकडे खसरा आणि बी-१ खतौनी. खसऱ्यात शेत धरून माणसे पाहावयाची, खतौनीत माणूस धरून शेते. एका शेताचे खातेदार अनेक, आणि एका खातेदाराची शेतेही अनेक. जुन्या पटवाऱ्यास यात काहीच अवघड वाटत नसे. जागा संपली की तो बारीक अक्षरांत ओळींच्या मधे नावे कोंबी. कागद सोशिक असतो.

संगणक तसा नाही. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग आठ जिल्ह्यांत आरंभला. त्यांत आमच्या शेजारचा मुरैना होता, महाराष्ट्रातील वर्धाही होता. पुढे काही वर्षांनी ते वारे आम्ही होतो त्या तहसिलीत पोहोचले. तेथे घाईघाईने एक तक्ता केला गेला : दर खसरा क्रमांकास एक ओळ आणि खातेदारांस चार रकाने. त्याहून अधिक नावे असली तर चौथ्याच्या शेवटी ‘व इतर’. छापील याद्या तपासून सही करणे आमच्याकडे होते. ‘इतरांना कोण शोधणार आहे, साहेब?’ असे बाबू म्हणाला, आणि आम्ही सह्या केल्या.

एके दुपारी एक विधवा बाई आली. शेताचे सात सहखातेदार. पती वारल्यावर रीतसर नामांतरण होऊन तिचे नाव जुन्या वहीत सहावे लागलेले. कालव्यासाठी शेताचा तुकडा संपादित झाला, मोबदल्याच्या नोटिसा चौघांना गेल्या आणि दिरांनी पैसे उचलले. तिने यादी आमच्यापुढे ठेवली आणि यात मी कुठे आहे, एवढेच विचारले. आम्ही ‘व इतर’ वर बोट ठेवले. ते बोट अजून आठवते. तिचा हिस्सा तिला मिळावयास दोन वर्षे लागली.

या दुखण्यावर औषध तेव्हाही होते. एडगर कॉड यांनी माहितीची मांडणी तक्त्यांच्या परस्परसंबंधांतून करण्याचा विचार १९७० सालीच प्रसिद्ध केला होता. शेतांचा तक्ता वेगळा, माणसांचा वेगळा, आणि दोहोंना जोडणारा तिसरा, ज्यात एक शेत आणि एक माणूस यांच्या प्रत्येक जोडीस एक ओळ. सात खातेदार तर सात ओळी. सत्तर असले तरी रकाना वाढवावा लागत नाही. आम्हांस उशिरा उमगले ते निराळेच. हिस्सा ना शेताचा, ना माणसाचा. तीच बाई एका शेतात सहाव्या वाट्याची, दुसऱ्यात निम्म्याची असू शकते. म्हणून हिस्सा, नामांतरणाचा आदेश आणि तारीख यांची जागा त्या तिसऱ्या तक्त्यातच. सगळे हिस्से मिळून एक होतात की नाही, हे मात्र तक्ता आपण होऊन पाहत नाही. ती तपासणी वेगळी लिहावी लागते.

हे सारे आम्ही त्या तरुणास सांगितले. बाईचे नाव तेवढे सांगितले नाही.

मग आमचा तक्ता मोडून नवा झाला. दाते आणि कर्वे यांची नावे एकदाच नोंदली. त्यांनी मिळून केलेला वाक्संप्रदाय कोशही पुढच्या फळीवर होताच. जोडतक्त्यात संपादक, अनुवादक असा भूमिकेचा रकाना आला. मुखपृष्ठावरील नावांचा क्रम राहावा म्हणून आणखी एक रकाना त्याने स्वतः सुचविला. तो आम्हांस सुचला नव्हता. काम दीड महिना लांबले आणि चिटणीसांनी त्याबद्दल दोनदा विचारणा केली.

परवा दातारांच्या नावाने शोध घेतला. शब्दकोशाच्या सातांपैकी सहा खंड पडद्यावर आले. सातवा कोणा वाचकाने कधी नेला, ते पाहावयास जुनी वही काढावी लागली, कारण वाचक आणि पुस्तके यांचा जोडतक्ता अद्याप व्हावयाचा आहे.