उजव्या बाजूचा एक्सल

आलापल्लीजवळ आमच्या जुन्या डिझेल जीपचा मागचा उजवा एक्सल तुटला. जीप उभी राहिली की त्या दिवसाचे भाडे बुडते. बाबा एवढेच म्हणाले, "तुकडे पोत्यात घालून ने बाबू. दुकानात लावून पाहून घे."

१९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी जुन्या गाडीच्या सामानासाठी आम्ही अजून चंद्रपूरच गाठतो. पण ग्रीस माखलेले लोखंड घेऊन एस.टी.त बसायचे? वर्गातले कुणी भेटले तर? बाबांनी तपासायला काढलेला शाबूत डावा एक्सल मी मोजला, त्याचे दाते मोजले, सारे वहीत टिपले आणि आष्टी-गोंडपिपरीमार्गे रिकाम्या हातांनी निघालो.

नवा परवडणारा नव्हता. भंगारातल्या एकाचे दाते दोरीसारखे पिळलेले होते. असा एक्सल आधीच जोर खाऊन बसलेला असतो, तो घेऊ नये. दुसऱ्याची बेअरिंग बसण्याची जागा झिजलेली. तिसरा वहीशी तंतोतंत जुळला.

घरी तो पुरता आत जाईना. या जीपचा मागचा गोळा मधोमध नसतो, उजवीकडे सरकलेला असतो. म्हणून उजवा एक्सल आखूड, डावा लांब. दोन्ही बाजू सारख्याच, असे मी खुशाल धरून चाललो होतो! बाबा रागावले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातले पोते तेवढे झटकले.

दुसऱ्या दिवशी गोंडपिपरीला वर्गातला एक मित्र चढला.

"मांडीवर काय आहे रे?"

"एक्सल," मी म्हणालो. "उजव्या बाजूचा."