नारिंगी डबा

बोरी अरबहून निघताना आईने तिळाच्या लाडवांचा प्लास्टिकचा डबा दिला. विमानतळावरील क्ष-किरण यंत्रात तो थबकला. पडद्यावर आमच्या चाव्या निळ्या, लाडू मात्र गडद नारिंगी. धातू निळे, कमी अणुक्रमांकाची सेंद्रिय द्रव्ये नारिंगी, अशी ही लिपी. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन: तिळगुळात हेच, आणि १९९३ साली मुंबईत फुटलेल्या आरडीएक्समध्येही हेच! घनता थोडा भेद सांगते. पुढचे वाचन माणसाचे. (संहितेचे अनेक अर्थ संभवतात, हे वर्गात आम्ही किती सहज सांगतो!) तपासनीसाने झाकण उघडले, तिकिटावरचे नाव दोनदा वाचले, गाव विचारले. ‘बोरी अरब’ म्हणताना आमचा आवाज का खाली गेला, हे आईला अजून सांगितलेले नाही.