कमावलेला आवाज

गाण्याच्या बैठकीत जाणकार मंडळी 'गोड आवाज' आणि 'कमावलेला आवाज' असा भेद करतात. गोड आवाज जन्माबरोबर येतो. त्याचे श्रेय गायकाकडे जात नाही. कमावलेल्या आवाजामागे वर्षानुवर्षांचा रियाज असतो, म्हणून त्याला मान अधिक. मात्र मराठीतले हे 'कमावणे' विचारात पाडणारे क्रियापद आहे. आपण पैसा कमावतो, शरीर कमावतो आणि कातडेही कमावतो. कमावलेले कातडे टिकते, त्याला झळाळी येते, त्याच्या वस्तू होतात. पण ज्या जिवाचे ते होते त्याचा वास त्यातून निघून गेलेला असतो. मग आवाज कमावताना काय मिळते आणि काय जाते? महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांना हा प्रश्न रोजच्या कामातला वाटतो. आणि त्याचा विचार करताना वारंवार आठवतो तो हॉलिवूडच्या बोलपटांच्या आरंभकाळात पुढे आलेला एक नट, क्लॉड रेन्स.

'कॅसाब्लांका'मधला हसतमुख आणि भ्रष्ट पोलीस अधिकारी कॅप्टन रेनो म्हणून तो अनेकांना ठाऊक असेल. इंग्रजी उच्चारांचा आदर्श वाटावा असे त्याचे बोलणे. प्रत्येक शब्द घासूनपुसून ठेवलेला, वाक्याच्या शेवटी उपरोधाची एक हलकी लकेर. हा माणूस एखाद्या खानदानी घरात वाढला असावा, असे ऐकणाऱ्याला वाटते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. विल्यम क्लॉड रेन्सचा जन्म १० नोव्हेंबर १८८९ रोजी लंडनमध्ये, गरिबीत झाला. त्याची बोली कॉकनी, म्हणजे लंडनच्या श्रमिक वस्तीतली. त्यात बोलण्यात अडखळणे होते आणि 'र' हा वर्ण जिभेवर येत नव्हता. स्वतःचे नावही तो 'विली वेन्स' असे सांगत असे.

दहाएक वर्षांचा असताना तो रंगभूमीवर आला, तोही गर्दीतला एक मुलगा म्हणून. पुढे हर्बर्ट बीअरबोम ट्री या नामवंत नट-व्यवस्थापकाच्या 'हिज मॅजेस्टीज थिएटर'मध्ये नटांना प्रवेशाची वर्दी देणारा पोऱ्या म्हणून तो काम करू लागला आणि कालांतराने प्रॉम्प्टर झाला. विंगेच्या अंधारात उभे राहून दुसऱ्यांची वाक्ये पुरवणारा, प्रेक्षकांना कधीही न दिसणारा आवाज! या मुलातली चमक ट्रीने ओळखली. वाक्शिक्षणाची पुस्तके आणि शिकवणी यांचा खर्च त्याने स्वतः केला. त्या काळच्या इंग्रजी रंगभूमीवर कॉकनी बोलणाऱ्याच्या वाट्याला विनोदी नोकराच्या भूमिकेपलीकडे फारसे काही येत नसे. तेव्हा ट्रीची ही कृती उदार होती यात शंका नाही. पण ज्या दारातून या मुलाने आत यायचे ते दार किती अरुंद होते, हेही तीत दिसते.

पहिल्या महायुद्धात रेन्स लंडन स्कॉटिश रेजिमेंटमध्ये होता. १९१६ साली फ्रान्समध्ये विमीजवळ झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली आणि स्वरयंत्रालाही इजा झाली. मेहनतीने मिळवलेल्या आवाजावर युद्धाने आपली खूण केली ती अशी. युद्धानंतर तो रंगभूमीवर परतला आणि ट्रीनेच १९०४ साली स्थापन केलेल्या नाट्यशिक्षणसंस्थेत शिकवू लागला. जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन हे त्याचे विद्यार्थी. विसाव्या शतकातल्या इंग्रजी रंगभूमीवरचा सर्वांत सुरेल मानला गेलेला गिलगुडचा आवाज एका 'विली वेन्स'च्या हाताखालून गेला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९२७ साली 'द जॅझ सिंगर' आला आणि दोन-तीन वर्षांत हॉलिवूडमधला मूकपट संपला. चेहऱ्यावर उभ्या राहिलेल्या कारकिर्दी एकाएकी मायक्रोफोनपुढे उभ्या करण्यात आल्या. जॉन गिल्बर्टसारख्या लोकप्रिय नायकाची घसरण त्याच्या आवाजाशी जोडून सांगण्याची प्रथाच पडली. स्टुडिओंना आता बोलता येणारी माणसे हवी होती आणि ती न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर होती. रेन्स तेव्हा तेथे थिएटर गिल्डच्या नाटकांतून कामे करीत होता. त्याची एक पडदाचाचणी फारच नाटकी म्हणून फसली होती. परंतु दिग्दर्शक जेम्स व्हेलने तिचा नुसता आवाज ऐकला आणि हाच माणूस हवा असे ठरवले, अशी आख्यायिका आहे. काही असो, १९३३च्या नोव्हेंबरात एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरचा 'द इन्व्हिजिबल मॅन' प्रदर्शित झाला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा रेन्स बोलपटात प्रथमच दिसला. 'दिसला' म्हणणेही कठीण! बर्फातून चालत येणारा, बँडेज गुंडाळलेला, काळा चष्मा घातलेला एक अनोळखी इसम खेड्यातल्या खाणावळीत खोली मागतो. बँडेज सुटते तेव्हा आत काहीच नसते. चेहरा प्रेक्षकांपुढे येतो तो अगदी अखेरच्या क्षणी, मृत्यूबरोबर. तोवर सारा चित्रपट एकट्या आवाजाने तोलून धरलेला असतो. त्या आवाजाला शरीर नाही, वर्ग नाही, वस्ती नाही. विंगेतला प्रॉम्प्टर रंगमंचाच्या मधोमध आला, आणि तरीही अदृश्यच राहिला.

यानंतरची त्याची कारकीर्द तीन दशकांची आहे. 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' (१९३८) मधला राजपुत्र जॉन, 'मिस्टर स्केफिंग्टन' (१९४४) मधला छळछावणीतून अंध होऊन परतणारा ज्यू पती, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) मधला मुत्सद्दी ड्रायडन. साहाय्यक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी चार वेळा नामांकन मिळाले, पुरस्कार एकदाही नाही. रंगभूमीने मात्र १९५१ साली 'डार्कनेस ॲट नून'मधील भूमिकेसाठी त्याला टोनी पुरस्कार दिला. पण यादीपेक्षा महत्त्वाची वाटते ती या भूमिकांतली एक समान रेषा. रेन्सची उत्तम पात्रे बहुधा उत्तम बोलणारी असतात आणि त्या बोलण्याच्या आड काहीतरी लपवीत असतात. कमावलेल्या वाणीत राहणे म्हणजे काय, हे त्याला आतून ठाऊक होते. दुसऱ्या नटाला ते निरीक्षणातून मिळवावे लागले असते.

फ्रँक काप्राचा 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन' (१९३९) या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. रेन्सचा सेनेटर जोसेफ पेन एके काळचा आदर्शवादी. आता एका धनाढ्य राजकीय सूत्रधाराचा अंकित. त्याची भाषणे मधाळ, भारदस्त, निर्दोष. त्याच्यासमोर जेम्स स्टुअर्टचा तरुण स्मिथ अडखळत बोलतो. सभागृहात तासन्‌तास उभा राहून बोलता बोलता त्याचा घसा बसतो, शब्द फाटू लागतात. काप्राने उभा केलेला सामना दोन आवाजांचा आहे : तुटत चाललेला खरा आवाज आणि अभंग असा खोटा आवाज. स्मिथ कोसळतो आणि पेनला ते सोसत नाही. स्वतःवर गोळी झाडण्याचा प्रयत्न फसल्यावर तो सभागृहात धावत येतो आणि ओरडून आपला अपराध कबूल करतो. तो सुरेल आवाज तेथे पहिल्यांदा चिरफाळतो.

या प्रसंगावर आम्हां दोघांचे एकमत नाही. एकाच्या मते कमावलेली भाषा येथे गळून पडते आणि माणूस उघडा होतो. काप्राची भूमिका तीच आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की, तो आक्रोशही नीट ऐकावा. इतक्या गदारोळात त्यातला प्रत्येक शब्द सुस्पष्ट पोहोचतो. ते शिक्षण गळून पडलेले नाही; सत्य सांगण्याची वेळ आली तेव्हा पेनच्या आणि रेन्सच्याही उपयोगी पडली ती शिकलेली वाणीच.

हा मतभेद चित्रपटापुरता राहत नाही. आमच्या वर्गात दरवर्षी अशी मुले येतात, ज्यांच्या तोंडी 'पाणी'चे 'पानी' होते आणि 'होतं'चे 'व्हतं'. मुलाखतीच्या खोलीत त्या एका 'न'ची किंमत त्यांना मोजावी लागते. तेव्हा 'ण' शिकवणे हे कर्तव्य आहे, असे आमच्यापैकी एक मानतो. दुसरा विचारतो की, प्रत्येक दुरुस्तीबरोबर 'तुझी आई चुकीचे बोलते' हेही आपण त्या मुलाला शिकवीत नाही काय? प्रमाणभाषेचे दार अरुंद आहे हे दोघांनाही मान्य आहे. दार रुंद करण्याचे काम वर्षांचे, मुलाला त्यातून आत नेण्याचे काम याच सत्राचे. ही दोन कामे एकमेकांच्या आड येतात, आणि त्यातून सुटका करणारे सूत्र आम्हांस अद्याप सापडलेले नाही.

रेन्सच्या उदाहरणातून एक गोष्ट तेवढी हाती लागते. त्याची कन्या जेसिका हिने वडिलांच्या आवाजाचे वर्णन करताना म्हटले आहे की, तो अर्धा इंग्रज, अर्धा अमेरिकन होता आणि त्यात थोडी कॉकनीही मिसळलेली होती; तसे दुसरे कोणी बोलत नसे. म्हणजे कातड्याची उपमा येथे अपुरी पडते. ३० मे १९६७ रोजी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी तो गेला तोवर लंडनची ती वस्ती त्याच्या आवाजातून पुरती निघून गेली नव्हती. कॅप्टन रेनोच्या बोलण्यातली ती खट्याळ लकेर कोणत्या शिकवणीत मिळाली असेल असे वाटत नाही. साहेबी भाषेची मजा बाहेरून आत आलेल्यालाच अशी दिसते.

म्हणून वर्गात 'ण' शिकवताना आम्ही आता क्लॉड रेन्सची गोष्ट सांगतो, आणि तो 'र' म्हणायला शिकला या वाक्यावर ती संपवीत नाही. तो 'विली वेन्स' होता हेही सांगतो, आणि मग मुलांना त्यांच्या गावाकडची एखादी हकीकत त्यांच्याच बोलीत सांगायला लावतो. त्या तासाला दुरुस्ती करायची नाही, एवढ्यावर मात्र आमचे दोघांचे एकमत आहे.