सव्वासहा मीटर

पुणे

प्रिय मिलिंद,

"एवढं मोठं धूड कशाला करत बसलास?" असं तू विचारलंस. एका ओळीत सांगता येण्यासारखं नाही, तेव्हा चहा घेऊन निवांत बस.

रणगाड्यांची बहुतेक मॉडेल्स एकास पस्तीस मापाची असतात. हे माप कुणी फार विचार करून ठरवलेलं नाही. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकात पँथर रणगाड्याचं चालतं मॉडेल काढलं, तेव्हा पोटात मोटर आणि सेल मावतील एवढा आकार घेतला. मागाहून मोजलं तर ते साधारण एकास पस्तीस भरलं आणि पुढे सगळ्या जगाने तेच उचललं. त्या मापात मी करतोय तो सेंच्युरियन रणगाडा तोफेच्या टोकापर्यंत 28 सेंटिमीटरचा होतो आणि काचेच्या कपाटात छान शोभतो. मी एकास सोळा धरलंय. खरा रणगाडा तोफेसकट 9.8 मीटर लांब, माझा 61 सेंटिमीटर. रुंदी 21. पुढचं तिरपं चिलखत खऱ्यात 76 मिलीमीटर जाडीचं, माझ्याकडे पावणेपाच. टरेटचा, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाचा, दर्शनी भाग 152 मिलीमीटर, म्हणजे इथे साडेनऊ. ही जाडी डोळ्यांना दिसायला हवी होती. पातळ कडेची झाकणं असलेला रणगाडा लगेच खेळण्यातला वाटायला लागतो.

रणगाडा कुठला हे तू ओळखलं असशीलच. पूना हॉर्सचा 'फामागुस्ता', सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा. आपण शाळेत त्यांच्यावरचा धडा वाचत होतो, तेव्हा त्यांचा जन्म आपल्या पुण्यातला, 14 ऑक्टोबर 1950 चा, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. रेजिमेंटही नावापुरती पुण्याची नाही. तिची मुळं 1817 सालातली, पेशवाईच्या अखेरच्या दिवसांतली. जून 1971 मध्ये खेत्रपालांना कमिशन मिळालं. नगरला तरुण अधिकाऱ्यांचा कोर्स चालू होता तोवर युद्ध आलं, कोर्स अर्धवट टाकून ते रेजिमेंटकडे गेले आणि 16 डिसेंबरला शकरगढ भागात, बसंतर नदीपलीकडे जरपालजवळ धारातीर्थी पडले. वय 21. परमवीरचक्र मरणोत्तर. याच रेजिमेंटच्या लेफ्टनंट कर्नल तारापोर यांनाही 1965 च्या लढाईसाठी ते मरणोत्तरच मिळालं होतं.

युद्धानंतर फामागुस्ता दुरुस्त करून नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. पण नीट जपलेल्या रणगाड्याची नक्कल म्हणजे रंगरंगोटी केलेल्या रणगाड्याची नक्कल. मला त्या दिवशीचा हवा होता. त्यामुळे कामाला हात घालण्याआधीच एक प्रश्न सोडवावा लागला: त्या दिवशीचा म्हणजे कितव्या मिनिटाचा?

ते पुढे सांगतो. आधी बांधणी.

सांगाडा दोन मिलीमीटरच्या स्टायरीन शीटचा. समोरच्या बिल्डिंगमधला इंजिनिअरिंगचा मुलगा मोठा हौशी आहे. चाकं आणि पट्ट्याच्या कड्या त्याने थ्रीडी प्रिंटरवर काढून दिल्या. एका बाजूला सहा चाकं, जोडी-जोडीने एकेका स्प्रिंगच्या जुळणीवर, आणि कड्या दर बाजूला शंभराच्या वर. प्रिंटरच्या रेघा घालवायला प्रत्येक कडी पॉलिशपेपरवर घासावी लागते. त्या कामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रेडिओ लावायचा आणि घासत राहायचं.

टरेट मात्र मन लावून करण्याची गोष्ट. नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन मी सेंच्युरियनच्या टरेटवरून हात फिरवला. तू कधी गेलायस तिथे? व्हॅलेंटाइन, मटिल्डा, चर्चिल, जिंकून आणलेले पॅटन, सगळे अंगणात ओळीने उभे आहेत. सेंच्युरियनचं खालचं धड लाटलेल्या पोलादी पत्र्यांचं, वेल्डिंगने जोडलेलं, म्हणून गुळगुळीत. टरेट ओतीव, त्यामुळे हाताला संत्र्याच्या सालीसारखं खरखरीत लागतं. हा फरक फोटोत कळत नाही, बोटांना कळतो. तो आणायला पुट्टी थिनरमध्ये पातळ करायची, जुन्या ब्रशचे केस आखूड कापायचे आणि त्या खुंटांनी पुट्टी ठोकत ठोकत लावायची. वाळल्यावर वरचे कंगोरे हलकेच घासून बसवायचे. जास्त घासलं तर टरेट धडासारखं दिसतं आणि कमी घासलं तर सिमेंटचा गिलावा. वेल्डिंगच्या शिवणीसाठी एम-सीलची बारीक वळी करून सांध्यात बसवतो आणि ओली असतानाच सुईच्या नाकाने जवळजवळ खुणा दाबत जातो. दोन सेंटिमीटर रुंदीची शिवण इथे सव्वा मिलीमीटरची होते, तेव्हा हात स्थिर हवा.

मोठ्या मापात एक शिस्त सतत पाळावी लागते, ती म्हणजे प्रत्येक वस्तूला सोळाने गुणून बघायचं. टरेटवर बांधलेली ताडपत्री करायची म्हणून कापड घेतलं तर साध्या रुमालाचा धागाही गुणल्यावर दोरखंडाएवढा होतो. म्हणून टिश्यू पेपर, पाण्यात कालवलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून. जमिनीसाठी वाळू घेतली तर एक मिलीमीटरचा कण म्हणजे बोटाच्या पेराहून थोडी लहान खडी. मग माती वस्त्रगाळ करायची. आपल्याकडे आई मुलतानी माती जशी गाळायची अगदी तशीच.

वजनाचा मामला याहून अवघड. खरा सेंच्युरियन 51 टनांचा. वजन लांबी, रुंदी, उंची तिन्हींनी कमी होतं, म्हणजे भागायचं 4096 ने. तसं केलं तर माझं मॉडेल साडेबारा किलोचं भरायला हवं. प्लॅस्टिकचं त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणजे वजन डोळ्यांना भासवावं लागतं. चाकांच्या जोड्या सगळ्या एका पातळीत न बसवता चढउताराप्रमाणे खालीवर बसवल्या. पट्टा जमिनीत रुतलेला दाखवला आणि त्याच्या कडेने माती बाहेर दाबून फुगवली. जमीन दबलेली दिसली की वरचं धूड आपोआप जड वाटायला लागतं. मित्र येतात, बघतात आणि उचलून बघायला हात पुढे करतात, तेव्हा मला फार बरं वाटतं.

आता रंग. तुझा आवडता विषय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डब्यातला ऑलिव्ह ग्रीन जसाच्या तसा मारला तर मॉडेल काळपट दिसतं. खरा रणगाडा आपण दहा-वीस पावलांवरून बघतो, मधली हवा आणि ऊन रंगाला फिकं करतात. मॉडेल आपण हातभरावरून बघतो. तेवढा फिकेपणा रंगातच घालावा लागतो. मी हिरव्यात थोडा मातकट पिवळा मिसळला. आधी राखाडी प्रायमर, मग खाचाखोचांत, मडगार्डखाली, टरेटच्या बुडाशी काळा, आणि त्यावर एअरब्रशने हिरव्याचे पातळ पातळ हात. प्रत्येक हातानंतर काळं थोडं झाकलं जातं, पण पुरतं नाहीसं होत नाही. जिथे थांबायचं तिथे थांबलं की पत्र्याला खोली येते. वरून आडव्या भागांवर थोडा आणखी फिका फवारा, कारण रंग ऊन तिथेच जास्त खातो.

मग चकचकीत व्हार्निशचा हात. त्यावर तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाएवढा पातळ करून, बारीक ब्रशचं टोक नुसतं बोल्टच्या मुळाशी टेकवायचं. रंग आपणहून बोल्टला वळसा घालतो, शिवणीतून पळत जातो आणि कोपऱ्यात जाऊन थांबतो. दिवसभराच्या कामात हा माझा सगळ्यात आनंदाचा अर्धा तास. इतके दिवस एकसुरी वाटणाऱ्या पत्र्यातून एकेक बिजागरी, एकेक कडी वर येते.

इथे माझं आणि पुष्कळ मॉडेलवाल्यांचं पटत नाही. रणगाडा म्हटला की ते गंजाचे ओघळ सोडतात, सगळीकडे रंगाचे टवके उडवतात. एखाद्या शेतात वर्षानुवर्षं पडलेला सांगाडा दाखवायचा असेल तर ठीक. पण हा लढत्या रेजिमेंटचा रणगाडा आहे, रोज हात फिरत असलेला. ज्या जवानांचं जिणं त्यावर अवलंबून होतं ते त्याला गंजू देत नसतात. रंग झिजला तर तो जिथे बूट पडतात तिथे, झाकणांच्या कडांना, पेट्यांच्या कड्यांशी. तेवढंच मी स्पंजच्या तुकड्याने टिपलं. पट्ट्याच्या कड्या जमिनीला टेकतात तिथे लखलखीत, कारण तिथे पोलाद घासलं जातं. रेजिमेंट 15 आणि 16 डिसेंबरच्या मधल्या रात्री सुरुंगांच्या पट्ट्यातून आणि नदीतून पार झाली होती. इंजिनिअर्सचं सुरुंग काढणं निम्मंच झालेलं असताना रणगाडे पुढे घातले होते. म्हणून खाली चाकांशी ओला, गडद, जरा चमकणारा चिखल आणि वरच्या अंगाला सुकी धूळ. दोन्हींचा रंग एकच ठेवला, फक्त ओल्याला सॅटिन व्हार्निश दिलं.

आता तो मिनिटाचा प्रश्न. हे मॉडेल ज्या प्रदर्शनात मांडणार आहे, तिथल्या मंडळींपैकी एकाने सुचवलं होतं, आत लाल दिवे लाव, कापसाचा धूर कर, जळता रणगाडा लोकांना आवडेल. मी स्वच्छ नाही म्हटलं. रणगाडा पेटल्यावर बाहेर पडण्याचा हुकूम आला आणि तोफ अजून चालते आहे म्हणून खेत्रपालांनी तो मानला नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या प्रसंगाला माझ्या दिव्यांची गरज नाही. मी त्याच्या आधीची वेळ घेतली. 'बी' स्क्वाड्रनवर शत्रूच्या रणगाड्यांचा हल्ला झाला, वायरलेसवर मदतीची हाक आली, खेत्रपाल 'ए' स्क्वाड्रनमध्ये होते आणि आपणहून निघाले. वाटेतले खंदक आणि तोफांचे मोर्चे चिरडत पुढे आले आणि आता टरेट वळतंय. चालकाची झाकणं बंद, टरेट उजवीकडे, नळी जमिनीला जवळजवळ समांतर.

पाटीवर चार नावं लिहिणार आहे. अरुण खेत्रपाल, चालक प्रयाग सिंग, तोफ चालवणारा नथू सिंग, वायरलेसवरचा नंद सिंग. प्रदर्शनांतून बहुतेक वेळा एकाच अधिकाऱ्याचं नाव असतं. सेंच्युरियन चौघांचा असतो. एकाने हाकायचा, एकाने नेम धरायचा, एकाने गोळा भरायचा, एकाने बघायचं. एकटा माणूस त्यातून काही करू शकत नाही.

आणि एवढं मोठं का, त्याचं खरं उत्तर आता. त्या दिवशी खेत्रपालांच्या तुकडीने अडवलेल्या रणगाड्यांपैकी चार एकट्या फामागुस्ताने टिपले. त्यांतला शेवटचा जेमतेम 100 मीटरवर येऊन पोचला होता. आपण हा आकडा वाचतो आणि पुढे जातो. 100 मीटर म्हणजे आपल्या शाळेच्या मैदानावरची धावण्याची शर्यत. पण दोन्हीकडे पन्नास-पन्नास टन पोलाद असताना 100 मीटर म्हणजे काय, हे मला कधी डोळ्यांपुढे आणता आलं नव्हतं. एकास सोळा मापात ते अंतर सव्वासहा मीटर होतं. सहा मीटर, वर एक वीतभर. नीट बघ, नगरच्या संग्रहालयात मी सेंच्युरियनशेजारी उभा राहिलो होतो तेव्हा त्याची स्वतःचीच लांबी दहा मीटरला टेकत होती. म्हणजे दोघांमध्ये अशा दहाच रणगाड्यांची जागा उरली होती.

मंडळींनी मला सहा बाय अडीच फुटांचं टेबल दिलं होतं. मी भांडून भिंतीकडची जागा मागून घेतली. मॉडेल टेबलावर राहील. तोफेच्या रोखाने सव्वासहा मीटरवर जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवायची, तिथे काहीही ठेवायचं नाही. बघणाऱ्याने त्या पट्टीवर उभं राहून टेबलाकडे बघावं, एवढंच. मधल्या जागेत दुसरं टेबल येणार नाही असं त्यांनी कबूल केलंय आणि ते मी लिहूनही घेतलंय.

तू डिसेंबरात येणारच आहेस, तर दोन कामं कर. एक म्हणजे 0.5 आणि 0.8 मिलीमीटरची ड्रिल बिट्स आण, प्रत्येकी दहा तरी. टरेटवरच्या पकडायच्या कड्यांची भोकं अजून पाडायची आहेत आणि इथली बिट्स दोन भोकांत मोडतात. दुसरं, काकांना प्रदर्शनाला घेऊन ये. खडकीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी जन्म काढला, चाकांची बसवण बरोबर आहे का हे तेच सांगू शकतील. जिने नाहीत, तळमजल्यावर हॉल आहे, खुर्चीची सोय मी करून ठेवतो.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू