श्रवणच्या पश्चिमेला एक मूठ

पाऊस ओसरला, की ऑक्टोबरच्या मध्यावर संध्याकाळी सातच्या सुमारास श्रवण तारा जवळजवळ डोक्यावर येतो. हात लांब करायचा, मूठ वळायची आणि श्रवणपासून पश्चिमेकडे एक मूठ सरकायचं. तिथं काही नाही. निदान डोळ्यांसाठी तरी नाही, कारण मध्ये आकाशगंगेची दाट धूळ आहे. आकाशातली ही रिकामी जागा मला फार आवडते. तिथं जीआरएस १९१५+१०५ नावाचं जोडपं राहतं : सुमारे बारा सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आणि साधारण ३४ दिवसांत त्याच्याभोवती एक फेरी मारणारा फुगलेला, उतारवयातला तारा. अंतर २८,००० प्रकाशवर्षांच्या घरात. १९९२ साली ग्रानात उपग्रहाला क्ष-किरणांत त्याचा पत्ता लागला.

ताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, पण थेट आत पडत नाही. ताऱ्याच्या फिरण्यामुळे वायूलाही गिरकी मिळालेली असते. ती सुटेपर्यंत त्याला घिरट्या घालाव्या लागतात आणि त्या घिरट्यांचीच तबकडी होते. आतल्या कडेला हा वायू कोटभर अंशांपर्यंत तापतो, क्ष-किरण ओकू लागतो. हायड्रोजनचं हेलियम होताना शेकडा एक भागही वस्तुमान ऊर्जेत बदलत नाही. इथं ते शेकडा दहाच्या आसपास जाऊ शकतं. गिळणारा काळाकुट्ट आणि घास मात्र असा झगझगीत!

हे किरण आपल्या हवेतून खाली पोचत नाहीत. आपण जिवंत आहोत ते त्यामुळेही, तेव्हा तक्रारीला जागा नाही. वर जाणं आलं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट उपग्रह निघाला आणि ६५० किलोमीटर उंचीवर फिरू लागला. त्याच्यावरचं लॅक्सपीसी हे उपकरण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालं. त्यात ना आरसा, ना भिंग. झेनॉन वायू भरलेल्या तीन पेट्या, बस्स. क्ष-किरणाचा एक कण पेटीत शिरतो, वायूतले इलेक्ट्रॉन सुटतात, आतल्या तारेवर विजेचा बारीकसा ठोका पडतो आणि त्याची वेळ टिपली जाते, सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत. चित्र काढणं त्याच्या गावीही नाही.

म्हणून लाल-केशरी तबकड्यांची ती देखणी चित्रं पाहिली की मला वैतागच येतो. या जोडप्याची तबकडी अशी कुणीही पाहिलेली नाही. पडद्याआडच्या रुग्णाची नुसती नाडी धरून वैद्यानं निदान करावं, तसा हा प्रकार आहे. हाती येते ती वेळेनुसार ठोके कमीजास्त होण्याची एक वेडीवाकडी रेघ. तीही सलग नाही. उपग्रहाच्या दर फेरीत पृथ्वी आड येते, तिथं रेघ तुटते. पण जिथं आहे तिथं बघत राहावं. कधी मिनिटभराच्या अंतरानं उंचवटे येतात : सावकाश चढ, टोकाला झटका, मग घसरण, की पुन्हा चढ. तबकडीचा आतला भाग भरत जातो, स्वतःच्याच उजेडाच्या दाबानं डळमळतो, रिकामा होतो आणि बाहेरून नवा वायू येऊन पुन्हा भरतो. या अवस्थेला शास्त्रज्ञही हृदयाचे ठोकेच म्हणतात. कधी हे सगळं थांबून रेघ नुसती थरथरत राहते. टोमासो बेलोनी आणि सहकाऱ्यांनी २००० साली या लहरींचे बारा प्रकार लावले. पुढं त्यातही भर पडली.

२०१८ पासून या जोडप्याचं क्ष-किरणांतलं तेज उतरलं आणि पुढं गाभ्याजवळचा दाट वायूच आड आल्याचं दिसलं. लॅक्सपीसीच्या तीन पेट्यांपैकी एक पेटीसुद्धा त्याच वर्षी बंद करावी लागली. जुन्या नोंदी मात्र शाबूत आहेत आणि इस्रोनं त्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या आहेत. भौतिकशास्त्र शिकणारं कुणी घरात असेल, तर येत्या सुट्टीत त्यातली एखादी रेघ स्वतः काढून बघायला सांगा. पैसे पडत नाहीत.