अकरा टोपल्या शॉर्ट

मी मोजणारा माणूस. भिवंडीजवळच्या एका गोदामात बावीस वर्षं माल मोजतोय. पूर्वी भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमागाची खडखड आठवायची. माग अजून आहेतच, पण आता कशेळी, काल्हेर, पूर्णा, मानकोली अशी गोदामांचीही रांग लागलीय. तुम्ही मोबाइलवर मागवलेला मिक्सर कदाचित माझ्याच हाताखालून गेला असेल.

देवळातही माझ्या वाट्याला मोजणीच आली. उपासना संपली की दानाची पिशवी रिकामी करायची, नोटा सरळ करायच्या, चिल्लर वेगळी लावायची. खरं सांगायचं तर उपदेश चालू असतानाही मी डोकी मोजत असायचो. विश्वास उडाला नव्हता, पण आत कोरडं पडलं होतं. प्रार्थना म्हणजे रोजच्या गाडीची एन्ट्री, तेवढंच.

पावसाळ्यात आमची संडे स्कूलची टीचर लग्न होऊन नाशिकला गेली. पाळकसाहेब म्हणाले, "दोन-तीन रविवार तुम्ही बघा." अकरा मुलं, एक सतरंजी, आणि भिंतीपलीकडे माग चालू. मला कसं शिकवतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट निवडली. आकडे होते ना तिच्यात. पाच हजार पुरुष जेवले, उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या. हिशेब सांगून मोकळा झालो.

आठ वर्षांची एक पोरगी पुढेच बसली होती. बाप रिक्षा चालवतो, घर मागाच्या कारखान्याला लागून. (तिला खडखड चालू असली की झोप लागते, वीज गेली की दचकून जागी होते.) तिने विचारलं, "अंकल, टोपल्या कुठून आल्या?"

"कुठल्या टोपल्या?"

"बाराच्या बारा. तिथे तर काहीच नव्हतं ना?"

ही गोष्ट मी पन्नास वर्षं ऐकतोय. चारही शुभवर्तमानांत आहे. आणि माल ठेवायला रिकामी खोकी कुठून आली, हे विचारायचा पगार घेणाऱ्या माणसाला ते कधी सुचलं नव्हतं! मी म्हटलं, "पुढच्या रविवारी सांगतो."

घरी बायकोला विचारलं. ती बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "बायकांनी आणल्या असतील. पुरुष कधी डबा घेऊन निघतात का?" मग म्हणाली, "आणि त्यांना तर मोजलंच नव्हतं." मी मत्तय काढून पाहिलं. खरंच, पाच हजारांचा आकडा बायकामुलं सोडून दिलाय. योहान उघडला. भाकरी जवाच्या होत्या आणि त्या एका मुलाजवळ होत्या, हे तोच सांगतो. म्हणजे दोन्ही जागा जोडून पाहिल्या तर जेवण ज्याचं, तोच मोजणीत नाही! रात्री साडेअकरापर्यंत मी चारही पुस्तकं उघडी टाकून बसलो होतो. शेवटचं असं कधी बसलो होतो, आठवेना.

बालकांसारखे व्हा, हे वचन आम्ही लहानपणी नगरला शेकडो वेळा ऐकलं. मोठ्यांनी त्याचा अर्थ 'निमूट बसा' असा लावला होता. खरंतर त्याच नगरात रेव्हरंड टिळक राहत होते, फुलामुलांचे कवी. 1917 साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. नावच बघा, खेळात पोरं ठेवतील तसं! माझी आजी त्यांची पदं भाकरी थापताना म्हणायची. पण आजीच पुढे सांगायची, लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाच म्हणजे कळेल, नवरा असा असला की काय होतं ते. टिळक मनात आलं की उठून चालू लागत. मागचं सगळं लक्ष्मीबाई निभावत. मूल होऊन राहणाऱ्याच्या मागे बहुधा कोणीतरी टोपली घेऊन उभं असतं. माझ्यामागे कोण होतं, ते बोंबील साफ करणाऱ्या हातांकडे बघून त्या रात्री कळलं. सकाळी डबा मी भरला. पोळी करपली.

पुढच्या रविवारी सतरंजीवर बसताना मी थोडा घाबरलोच होतो. बायकोचं उत्तर सांगितलं. पोरीने विचार केला.

"सगळ्या बायकांनी कशाला? त्या मुलाच्या आईने भाकरी टोपलीतच दिल्या असतील." तिने एक बोट वर केलं. "ही एक झाली. अकरा राहिल्या."

गोदामात अकरा नग कमी भरले तर मी रात्रभर घरी जात नाही. इथे बाकीची दहा पोरं बोटं वर करून ओरडायला लागली होती. कोळ्यांच्या असतील, फळवाल्याच्या असतील, एकजण म्हणाला पेत्राच्या सासूच्या. पलीकडचे माग चालूच होते, त्यामुळे सगळ्यांना जोरात बोलावं लागत होतं. मलाही.